चाळीस ठोक्यांचा मान

रविवारी सकाळी आमच्या यांचं मनगट धरायला माणसं पुढे येत. खामगावात तेव्हा सायकल चालवणाऱ्यांचा एक गट होता, दहा-पंधरा जणांचा. कुणी शिक्षक, कुणी किराणा दुकानदार, एक टेलर, एका दवाखान्यातला कंपाउंडर, आणि सगळ्यांचे म्होरके म्हणजे पीटीचे निवृत्त सर. शर्यतीबिर्यतीतली ही माणसं नव्हेत. घरातल्या साध्या सायकली काढायच्या, चेनला तेल द्यायचं, पहाटे निघायचं, नांदुऱ्याला जायचं आणि उन्हं तापायच्या आत परत यायचं. नांदुऱ्याला स्टेशनबाहेर गरम भजी मिळत. त्याबद्दल घरी कुणी अवाक्षर काढत नसे, पण शर्टाला वास यायचा.

निघण्याआधी मैदानावर नाडी मोजायची ही त्यांची रीत होती. एकाने दुसऱ्याचं मनगट धरायचं, तिसऱ्याने घड्याळाकडे बघायचं. सरांचं म्हणणं असं, की हृदय जितकं ताकदवान तितके ठोके कमी. नवा माणूस आला की त्याचे ऐंशीच्या घरात असत. वर्षभर सायकल चालवली की सत्तर होत, मग साठ. ज्याची नाडी सगळ्यांत कमी, त्याची सायकल त्या दिवशी पुढे. यात खोटं काही नव्हतं. खेळाडूची नाडी कमी असते हे मी पुढे मोठ्या डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलं. पण ती कमी होत होत कुठवर गेलेली चालते, हा प्रश्न या शहाण्यांपैकी एकालाही पडला नाही.

आमचे हे कापसातली सरकी काढायच्या एका जिनमध्ये ग्रेडर होते. गाडी आली की कापसाचा पुंजका घ्यायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत ओढून धागा किती लांब आहे ते बघायचं आणि प्रत सांगायची. काम हंगामापुरतं. मी घरी शिवणाचा क्लास घ्यायची. बीटी कापसाचं बियाणं नवीन आलं तेव्हा पहिली काही वर्षं जिनसमोर गाड्यांची रांग लागायची, आणि हे रात्री घरी येत ते केसांत, भुवयांत कापूस घेऊनच. मग पाऊस मधेच तुटायला लागला, झाडांवर लाल्या पडायला लागला, पानं लाल होऊन गळायची आणि बोंडं सुपारीएवढीच राहायची. जिन संक्रांतीच्या आधीच बंद. घरी बसलेल्या पुरुषाला काहीतरी लागतं. यांना सायकल मिळाली, म्हणून मीही आधी खूश होते. दारूपेक्षा बरी, असं शेजारणीला म्हणालेही होते.

वर्षातून एकदा त्यांची दानाची फेरी निघे. बाजारातले व्यापारी किलोमीटर बोलत. म्हणजे अमक्या सायकलवाल्याच्या दर किलोमीटरमागे मी इतके देईन, असं चारचौघांत सांगायचं. ज्याने जेवढं अंतर स्वतःच्या पायाने कापलं तेवढ्याचंच दान. सायकल टेम्पोत टाकली की दान तिथेच थांबलं. सरांना हे फार आवडायचं. फुकट कुणी देत नाही, फुकट कुणी घेत नाही, असं ते म्हणायचे. यांच्या नावावर सगळ्यांत जास्त व्यापारी बोलत, कारण हे कधी थांबत नसत.

जमलेला पैसा कुणा आजाऱ्याला द्यायचा. पण कुणाला, यावर सरांचे नियम होते. फेरी अमडापूरला संपली की ते तिथल्या बाजारात एखाद्या ओट्यावर उभे राहून भाषण करत. आपली तब्येत ही आपली जबाबदारी, रोज चाला, सायकल चालवा, तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडा. समोर पहाटेपासून कापूस वेचून, कंबर धरून उभ्या राहिलेल्या बाया असत. त्यांना हा माणूस चालायला सांगतोय, हे ऐकून माझं डोकंच फिरायचं. खर्रा खाऊन तोंड उघडेनासं झालेल्या माणसाला मदत नाही, कारण त्याने स्वतः ओढवून घेतलं. एकदा फवारणी करताना विष चढलेल्या एका सालदाराची बायको आली. त्याने तोंडाला फडकं बांधलं नव्हतं म्हणून त्यालाही नाही. त्या दिवशी मी घरी यांच्याशी कडाकडा भांडले.

"उनात फडकं बांधून पाठीवर पंप घेऊन दाखवा म्हणा तुमच्या सरायले," मी म्हणाले.

"नियम हाय तो. मी काय करू?" हे म्हणाले, आणि टायरमध्ये हवा भरत बसले.

मग ती मुलगी आली. अमडापूरच्या एका पिंजाऱ्याची, आठ-नऊ वर्षांची. हृदयाला जन्मापासून भोक. दोन पावलं पळाली की ओठ निळे पडायचे. तिच्यात कुणालाच काही दोष काढता येईना, त्यामुळे सगळ्यांना हायसं वाटलं असावं. त्या वर्षीची फेरी तिच्यासाठी ठरली. खामगावहून नांदुरा, नांदुऱ्याहून परत, आणि तसंच पुढे चढ चढून अमडापूर. इतकी लांब फेरी आजवर झाली नव्हती. व्यापारी यांच्या नावावर जे बोलले होते त्यातच तिच्या ऑपरेशनचा निम्म्याहून जास्त खर्च निघणार होता. बाकीचे निम्म्या वाटेवर टेम्पोत बसणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

त्याच सुमाराला यांची नाडी उतरायला लागली. आधी पन्नास. मैदानावर टाळ्या वाजल्या. मग पंचेचाळीस. मग एका रविवारी हे घरी आले ते चेहराभर हसत.

"चाळीस," म्हणाले. "सरायची बी छप्पन हाय. मोठे डॉक्टर आले व्हते आज, त्यायनं स्वतः हात लावून पाह्यला. म्हणे, अशी नाडी या गावात कोनाची नाही."

तो डॉक्टर गटाचा आश्रयदाता होता. फेरीला हिरवा झेंडा दाखवायला यायचा. त्याने मनगट धरलं, पाठ थोपटली, हार घातला आणि गाडीत बसून गेला. त्या माणसाला मी आजही शिव्या देते, मनातल्या मनात नाही, तोंडाने देते.

कारण घरात मी काय बघत होते? हे देवासमोरून उठताना भिंत धरत होते. जिना चढताना मधल्या पायरीवर बसून चप्पल नीट करतोय असं दाखवत होते. एकदा जेवताना घास हातात तसाच राहिला, डोळे उघडे, आणि मी दोनदा हाक मारली तरी माणूस जागेवर नाही. मग एकदम भानावर येऊन, "भाजीत मीठ कमी हाय," म्हणाले. मीठ बरोबर होतं.

मी म्हणाले, चला, अकोल्याला दाखवू.

"मले काय धाड भरली? चाळीस नाडीवाल्याले दवाखान्यात नेतं का तू? लोकं हासतीन."

"हासू द्या. तुमी काऊन ऐकून नाही राह्यले माह्यं?"

"फेरी झाली का जाऊ. तुह्या गळ्याची आन."

माझ्याच गळ्याची शपथ, आणि तीही फेरीनंतरची. मी कंपाउंडरला गाठलं. तो गटातलाच, सभ्य पोरगा, मला वहिनी म्हणायचा. म्हटलं, बाबा, चक्कर येते यांना, डोळे उघडे ठेवून हरवतात. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "वहिनी, सराव वाढवला ना त्यायनं, थकवा असन. खेळाडूची नाडी अशीच असते. लिंबू-साखर-मीठ देत जा." मी लिंबू-साखर-मीठ देत गेले. दुसरं काय करणार होते? सरांकडे गेले तर सर म्हणाले, बाईमाणसांना काळजी वाटणारच, पण त्यांचं मन खचवू नका, ऐन फेरीच्या तोंडावर. माझ्याशी बोलताना त्यांनी स्वतःचंच मनगट धरलं होतं.

शेवटी मला एकच माणूस दिसला ज्याचं हे ऐकतील. फेरीला चार-पाच दिवस होते. मी एसटीत बसून अमडापूरला गेले.

पिंजाऱ्याचं घर म्हणजे पुढची खोली अर्धी रुईने भरलेली, अर्धीत बिऱ्हाड. मुलगी गाद्यांच्या ढिगावर बसून पाटीवर चित्रं काढत होती. तिच्या बापाने मला पाणी दिलं, बायकोने चहा टाकला. मी सगळं सांगितलं. म्हटलं, तुम्ही एकदा यांना सांगा, की नका जाऊ. दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत.

तो रुई पिंजायच्या धनुकलीच्या तातीवरून अंगठा फिरवत राहिला.

"बाई, मी कसं सांगू?" तो म्हणाला. "रातीले पोरीचा श्वास आयकत बसतो आमी दोघं. आता कोनी हात धरला हाय, तर मी म्हणू, सोडा?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. मुलगी आमच्याकडे बघत होती आणि तिची नखं जांभळी होती. मी उठले. स्टँडवर बसची वाट बघताना मी रडले, आणि शेजारच्या बाईने विचारलं तर सांगितलं, डोळ्यात कचरा गेला.

पण तो माणूस आला. फेरीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्या दारात उभा. चांगला धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. आत बसायला तयार नाही. मी चुलीपाशी उभी राहून देवाचं नाव घेत होते. त्याने यांच्यापुढे हात जोडले.

"भाऊ, तुमी उद्या नका जाऊ. तुमची तब्येत बरी नाही म्हणते बाई. माह्या पोरीचं पाहीन अल्ला. तुमाले काही झालं तर मी तोंड दाखवू नाही शकत."

हे त्याच्याकडे बघतच राहिले. मग त्यांचे डोळे भरून आले. यांना मी इतक्या वर्षांत सासूबाईंच्या वेळी सोडून रडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी त्याचे जोडलेले हात धरले.

"तू तुह्या पोरीचं सोडून माह्यं पाहायले आला," हे म्हणाले. "आता तं मी घसरत गेलो तरी जाईन बाप्पा."

मला वाटलं होतं तो माणूस आला तर हे थांबतील. तो आल्यामुळे हे कायमचे निघाले. तो गेल्यावर मी यांच्या पायावर डोकं ठेवलं. हे म्हणाले, येडी हायेस का, आणि सकाळची तयारी करायला लागले. मी सायकलच्या ट्यूबमधली हवा काढून टाकायचा विचारसुद्धा केला. पण पंप घरातच होता.

फेरी संपायच्या जागी बायकांनी सरबत घेऊन थांबायचं असायचं. मी सकाळीच अमडापूरला पोचले. पिंजाऱ्याच्या बायकोने मला गादीवर बसवलं. मुलीने नवा फ्रॉक घातला होता. ऊन चढत गेलं. चौकात ढोल-ताशेवाले आले, दोनदा वाजवून दमले, पानटपरीवर जाऊन बसले. टेम्पो आला आणि त्यातून गटातले सात-आठ जण उतरले, पाय चोळत, हसत. म्हणाले, ते येऊन राहिलेत, सर आणि ते दोघंच आहेत आता सायकलवर, नांदुऱ्याहून काय सुटले म्हणता, वारं. मी विचारलं, चेहरा कसा होता? ते म्हणाले, चेहरा कोण पाहते वहिनी, पाठच दिसते त्यायची.

मग एक मोटारसायकलवाला आला. गावाच्या अलीकडे चढावर कुणीतरी पडलंय म्हणाला. पुढचं त्याला सांगावं लागलं नाही.

मी पोचले तेव्हा हे रस्त्याच्या कडेला, कपाशीच्या बांधावर आडवे होते. दहा-बारा माणसं गोळा झालेली. फेफरं आलं असं कुणीतरी ठरवलं होतं, म्हणून नाकाशी चप्पल धरलेली, दुसरा कांदा फोडून हुंगवत होता, तिसरा दातखीळ उघडायला चमचा शोधत होता. आणि सर यांचं मनगट धरून घड्याळाकडे बघत बसले होते. त्यांचे ओठ हलत होते. मोजत होते. मोजायला काही सापडत नव्हतं, तरी मोजत होते. छाती दाबायची असते हे त्या सगळ्या तब्येतवाल्यांमध्ये एकालाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मी यांच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारत सुटले, पण ते उपचार म्हणून नाही. मला राग आला होता. मारता मारता यांनी एक मोठा श्वास घेतला. लोक म्हणाले, सतीसावित्री. मी त्या शब्दाचा अर्थ पुढे रोज भोगला.

खामगावच्या दवाखान्यात कागदाची पट्टी निघाली आणि तिथल्या डॉक्टरने ती बघून मलाच विचारलं, याआधी कधी काढली नव्हती का? म्हणाला, हृदयाच्या वरच्या कप्प्याचा खालच्याशी संबंधच तुटलाय. कितीतरी महिन्यांपासून असेल. याला कुणी तपासलं नाही? मी काय सांगणार होते, की गटातले तपासत होते, दर रविवारी, टाळ्या वाजवून? अकोल्याला नेलं. खांद्याच्या खाली कातडीत काडेपेटीएवढं पेसमेकरचं यंत्र बसवलं. तेव्हापासून यांची नाडी पक्की सत्तर आहे. कधी चुकत नाही.

डोकं मात्र त्या बांधावरच राहिलं. रक्त पोचलं नाही इतका वेळ, असं म्हणाले. हे डोळे उघडतात, भरवलं तर गिळतात. कधी हसतात, पण ते माझ्याकडे बघून नाही. मी कोण हे त्यांना ठाऊक नाही. पहिलं वर्षभर मी रोज कापसाचा पुंजका त्यांच्या चिमटीत द्यायची. बोटं तो नुसता धरून ठेवायची. मग मी तेही सोडून दिलं.

व्यापाऱ्यांनी मन मोठं केलं. चढ अर्धाच झाला होता, तरी पूर्ण फेरीचं दिलं. मुलीचं ऑपरेशन झालं. ती आता कॉलेजला जाते, चिखलीला, आणि गेल्या वर्षी तिला मी बसच्या मागे पळताना पाहिलं. मला बरं वाटलं आणि लगेच काहीच बरं वाटेनासं झालं. तिचा बाप दर दिवाळीनंतर येतो. यांची गादी उसवतो, रुई पुन्हा पिंजतो, अशी सारखी भरतो की पाठीला कुठे गाठ लागत नाही. इतक्या वर्षांत यांना एक जखम झाली नाही ती त्याच्यामुळे. तो पैसे घेत नाही, मी देतही नाही. आम्ही फार बोलत नाही.

यांच्या यंत्राचा खर्च गटानेच केला. सरांचा नियम होता की गटातला माणूस देणारा, घेणारा नव्हे, पण नियम मोडला. मी घेतलं. पुढे औषधाला घेतलं, डायपरला घेतलं. आलं की घेत गेले. लाज पहिल्या वर्षी वाटली, मग तिला वेळ मिळाला नाही. मीही आता साठीची झाले. गुडघे गेलेत. यांना कुशीवर वळवताना रात्री माझ्या तोंडून जे निघतं ते कुणी ऐकू नये.

मागच्या महिन्यात अकोल्याला दाखवायला नेलं. नवा डॉक्टर होता, तरुण, नीट बोलणारा. म्हणाला, यंत्राची बॅटरी संपत आलीय, काही महिने आहेत. नवं बसवावं लागेल. नाही बसवलं तर नाडी पुन्हा उतरत जाईल. मग जरा थांबून म्हणाला, पेशंटला विचारता येण्यासारखं नाही, तेव्हा काय करायचं ते तुम्हीच ठरवा, सही तुमची लागेल. त्याने खुर्ची पुढे सरकवली, बसा म्हणाला. मी घरी जाऊन सांगते म्हणाले. घरी सांगायला कोण आहे?

परवा सर आले होते. थकलेत, काठी लागते, पण गट चालू आहे. आता पोरं गिअरच्या सायकली घेऊन येतात, हातात नाडी दाखवणारं घड्याळ बांधून. सर यांच्या उशाशी बसले, यांच्या केसांवरून हात फिरवला आणि रडले. मग म्हणाले, "वहिनी, समजलं आमाले. बॅटरीची काळजी करू नका. या वर्षीची फेरी आमी यायच्याच नावानं काढून राह्यलो. व्यापारी आत्तापासूनच बोलून राह्यले."

हे मघापासून छताकडे बघत होते. मी सरांसाठी चहा ठेवला. नवं यंत्र नको म्हटलं तर चालेल का, एवढंच मला विचारायचं होतं. चहा उकळून उतू गेला तरी ते माझ्या तोंडून निघालं नाही.